चौथी सुई

कापणी सुरू झाली की दवाखान्यात माणसं येत नाहीत, हात येतात, असं मावशी म्हणायची. तिला तसं म्हणायचा अधिकारही होता, कारण त्या हातांचं रक्त गेली एकोणीस वर्षं तीच पुसत होती. विळ्याने उघडलेली बोटं, मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडलेले पंजे, दोरखंडाने सोललेले तळवे. फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून माणूस फाटकातून आत यायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या आधी फरशीवर थेंबांची ओळ काढायचा. ती ओळ वाळायच्या आत मावशी फडकं घेऊन हजर.

दवाखाना म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि पाठीमागे हापसा. माणसं मोजकी. डॉक्टरसाहेब, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. कंपाउंडर, ज्याला सगळ्यांचं सगळं माहीत. झाडलोट, पुसणं, कचरा आणि चादरी बघणारी मावशी. आणि वर्षापूर्वी कंत्राटावर आलेली सिस्टर, जी मावशीची सख्खी सून.

सून सिस्टर म्हणून त्याच दवाखान्यात येणार हे कळलं तेव्हा कंपाउंडरने पैज लावली होती की महिनाभरात दोघींतली एक राजीनामा देईल. पण दोघींनी पहिल्याच दिवशी फाटकाशी उभं राहून ठराव करून टाकला. फाटकाच्या आत मावशी आणि सिस्टर, फाटकाच्या बाहेर आई आणि सूनबाई. आत सिस्टर सांगेल आणि मावशी ऐकेल, बाहेर उलटं. सकाळी घरी "डाळीत मीठ किती घातलंस?" म्हणून सुनेला धारेवर धरणारी बाई तासाभराने तिच्यासमोर फडकं घेऊन उभी राहायची आणि "हो सिस्टर" म्हणायची. मनातून तिला ते "सिस्टर" म्हणायला फार आवडायचं. तिच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी अशी हाक मारलेली नव्हती.

एकाच बाबतीत ती सिस्टरचं ऐकत नसे. हातमोजे.

सरकारातून दरवर्षी तिला जाड रबराचे हातमोजे यायचे, कोपरापर्यंतचे, निळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. मावशी सही करून ते घ्यायची, घरी न्यायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. असे अकरा जोड साठले होते. वापरात मात्र एकच, चार वर्षांपूर्वीचा, उजव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेला. रोज धुवायचा, दोरीवर वाळत घालायचा. नवं ते जपायचं आणि जुनं ते वापरायचं, एवढंच तिच्या आईने तिला शिकवलं होतं. नवीन घागर, नवीन चादर, नवीन कोयता, सगळं त्या घरात असंच पेटीत म्हातारं झालं होतं. सून म्हणायची, अहो ते घाणीत घालायलाच दिलेत. मावशी म्हणायची, म्हणून काय नवेकोरे घाणीत घालायचे?

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता एकदम तीन हात आले. मावशीचा मुलगा दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर चालक होता, हंगामभर या शेतातून त्या शेतात. त्याच यंत्राचा पट्टा तुटून फटकारला गेला आणि पेंढ्या टाकणाऱ्या तिघांना लागला. दोघांचं थोडक्यात निभावलं. तिसऱ्याचा तळहात अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत उघडा. हा गडी हंगामापुरता बाहेरून आलेला, तोंडावर कायम हसू, म्हणून सगळे त्याला हसऱ्या म्हणायचे. टाके पडत असतानाही तो डॉक्टरसाहेबांना म्हणाला की शिवण जरा बारीक घाला, पुढच्या वर्षी उसवायला नको. त्याच्या कपाळावर मात्र घाम डवरला होता, आणि मावशीच्या लक्षात आलं की तो सारखा दुसऱ्या हाताने डॉक्टरसाहेबांचा हात लांब सारत होता. "जरा जपून हं, साहेब," असं दोनदा म्हणाला. दुखत असेल, असं तिला वाटलं.

डॉक्टरसाहेब टाके घालत होते, सिस्टर हातात सामान देत होती. तेवढ्यात बाहेर दुसऱ्या जखमीला भोवळ आली आणि तो बाकावरून खाली घसरला. सिस्टर हातातलं टाकून बाहेर धावली. कंपाउंडर ओरडला, डॉक्टरसाहेबही उठले. पाच मिनिटं नुसता गोंधळ. मग सगळं निस्तरलं, पट्ट्या बांधल्या, तिघं गेले आणि मावशी आवरायला आत आली.

टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये रक्ताने भिजलेल्या कापसाचा आणि जाळीच्या कापडाचा ढीग होता. तो पिवळ्या पिशवीत जायचा. चिमट्याने एकेक उचलायचा नियम, पण चिमट्याने उचलत बसलं तर संध्याकाळ झाली असती. मावशीने दोन्ही हातांनी ढीग कवटाळला आणि पिशवीत कोंबला.

अंगठ्यात कळ गेली, थेट कोपरापर्यंत.

तिने हात बाहेर काढला. जाळीच्या कापडात गुरफटलेली वाकडी सुई, टाक्याचा काळा दोरा अजून तिला लटकलेला, ट्यूबच्या ठिगळाच्या कडेने आत शिरून उभी होती. मावशीने ती उपसली. मोजा काढला. अंगठ्यावर रक्ताचा एक मणी आला, मग दुसरा. आणि तिने ते केलं जे शेतात काटा रुतल्यावर लहानपणापासून करत आली होती. अंगठा दाबला, पिळला, तोंडात घातला आणि चोखून थुंकली. थुंकल्यावर तिला आठवलं की भिंतीवरच्या तक्त्यात याच्यावर मोठी तांबडी फुली मारलेली आहे. ती हापशावर गेली आणि साबणाने पुष्कळ वेळ हात धूत राहिली.

तिला सगळंच माहीत नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षं ती दवाखान्यात होती, आणि शिबिरांमध्ये मागच्या रांगेत बसून पेंगत असली तरी कान उघडे असायचे. सुई लागली तर लगेच सांगायचं. तीन दिवसांच्या आत एचआयव्ही न होण्याच्या गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. पण गोळ्या हव्यात तर वहीत नाव घालावं लागतं, आणि वहीत लिहावं लागतं की सुई कुठे होती, तिथे कशी आली आणि ती सुयांच्या डब्यात टाकायचं काम कुणाचं होतं. ते काम सिस्टरचं होतं. आणि सिस्टरच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागद महिनाअखेरीला यायचा होता.

मावशीने कामाच्या कोटाच्या खिशातली रिकामी काडेपेटी काढली, सुई तिच्यात घातली आणि काडेपेटी खिशात परत ठेवली. कचऱ्यात टाकली तर पुढे कचरा नेणाऱ्याच्या हातात घुसेल, एवढं तिला कळत होतं. डब्यात टाकावी तर डबा सिस्टरच्या टेबलावर. म्हणून खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाच वाजता दवाखाना बंद करायच्या आधी सिस्टरने रोजच्यासारखं मोजलं. टाक्यांच्या सुयांची चार पाकिटं फोडलेली आणि पांढऱ्या डब्यात सुया तीन. तिने पुन्हा मोजलं. मग टेबलाखाली वाकली, ट्रे उलटा केला, गादी झटकली.

"मावशी, एक सुई कमी येतेय. पुसताना दिसली का?"

"नाही सिस्टर."

"कचऱ्यात हात घालू नका हं. मी बघते चिमट्याने."

आणि ती खरंच पिवळी पिशवी रिकामी करून चिमट्याने एकेक बोळा उलगडत बसली. अर्धा तास. मावशी दारात उभी राहून बघत होती, अंगठा मुठीत दाबून. एवढी शिकलेली पोर जमिनीवर उकिडवी बसून रक्ताचे बोळे निवडतेय आणि हवी असलेली वस्तू आपल्या खिशात आहे, याची तिला अशी लाज वाटली की तोंडाशी आलेले शब्द पुन्हा पोटात गेले. सूनच शेवटी उठली. म्हणाली, उद्या रविवार, सोमवारी साहेबांना सांगते. तोंड उतरलं होतं तिचं.

फाटकाबाहेर आल्यावर मावशी सवयीने म्हणाली, "चल सूनबाई, पाय उचल." सुनेने ऐकलंच नाही.

रविवार मावशीने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सकाळी पीठ मळायला बसली आणि परातीत हात घालायच्या आधी थबकली. हात दुखतोय म्हणून सुनेला मळायला लावलं. जेवल्यावर स्वतःचं ताट वेगळं धुतलं, पेला चुलीमागे ठेवला. चार वर्षांची नात रोजच्यासारखी मांडीवर चढायला आली तेव्हा "जा, बाहेर खेळ," म्हणून तिला दूर केलं. नातीने एवढं मोठं तोंड वाकडं केलं की मावशीचा जीव तुटला. मुलगा हंगामातून एका दिवसासाठी घरी आला होता, तो म्हणाला, आईचं काही बिनसलंय. सुनेने मान हलवली. तिचं स्वतःचंच बिनसलेलं होतं. ती दिवसभर एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलत होती, की ती सुई कुणाच्या हातात गेली असेल तर?

"नसेल गेली," मावशी म्हणाली.

"गेली असेल तर त्या माणसाला कळतही नसेल, आई. तो घरी बसून अंगठा चोखत असेल."

मावशीने अंगठा मुठीत लपवला. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटलं की सून तिच्या अंगठ्याकडेच बघतेय. पण सून खिडकीबाहेर बघत होती.

काडेपेटी तिने पेटीत ठेवली होती, अकरा जोड हातमोज्यांच्या खाली. घरातली तेवढीच कुलपाची जागा. कुलूप मात्र नावापुरतं, जोरात ओढलं की उघडणारं. सोमवारी सकाळी मावशी हापशावरून पाणी घेऊन आली तेव्हा पेटीचं झाकण उघडं होतं आणि नात तिच्यात अर्धी वाकलेली होती. भोवती निळ्या हातमोज्यांच्या पिशव्या पसरलेल्या. पोरीने एका हातात मोजा चढवला होता, तो पार खांद्यापर्यंत आला होता, आणि दुसऱ्या उघड्या हातात काडेपेटी. कानाशी धरून वाजवत होती.

"आजी, यात काय आहे?"

पाण्याची कळशी मावशीच्या हातून सुटली. तिने दोन ढांगांत पोरीपाशी जाऊन काडेपेटी हिसकावली. पोर दचकून भोकाड पसरून रडायला लागली. आवाजाने सून आतून धावत आली. तिने भिजलेली जमीन बघितली, रडणारी पोर बघितली आणि मुठीत काडेपेटी घट्ट धरलेली सासू बघितली.

"काय आहे त्यात?"

मावशीने मूठ आणखी आवळली. सुनेने तिची मूठ उघडली, एकेक बोट करून. काडेपेटी सरकवली. आत वाकडी सुई होती, दोऱ्यासकट.

सुनेने काडेपेटी बंद करून उंच फळीवर ठेवली. मग तिने आधी पोरीचे दोन्ही हात उजेडात धरून पालथे-उताणे तपासले, बोटाबोटाच्या मधे बघितलं. पोरीला काही झालं नव्हतं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने मावशीचा उजवा हात धरला. अंगठ्यावर बारीकसा काळा ठिपका होता.

"केव्हा?"

"शनिवारी. साडेतीनच्या सुमाराला."

"आणि मी कचरा चिवडत बसले होते तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात."

"तुझा कागद व्हायचा होता ना गं."

सून मटकन खाली बसली, ओल्या जमिनीवरच. मावशीला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडायलाच हवी. पण सून रडायला लागली आणि रडतारडताच म्हणाली, "माझा कागद! मी कागद घेऊन काय करू आई, तुम्ही नसलात तर? या पोरीला कोण बघणार, मला कोण बोलणार? कागद बोलणार का मला, डाळीत मीठ किती घातलं म्हणून?"

हे ऐकून मावशीलाही रडू फुटलं. दोघी रडतायत म्हटल्यावर नात गप्प झाली आणि हातमोजा काढायला विसरून तशीच उभी राहिली. रडणं फार वेळ चाललं नाही. सून उठली, तोंड धुतलं, घड्याळ बघितलं आणि बोटांवर मोजलं. पन्नास तासही झाले नव्हते. मग तिचा आवाज बदलला. घरात, चुलीसमोर, फाटकाच्या बाहेर, ती सिस्टरच्या आवाजात म्हणाली, "चपला घाला. वेळ आहे अजून."

मावशी म्हणाली, "हो सिस्टर."

डॉक्टरसाहेबांसमोर सुनेने काहीही लपवलं नाही. सुया मोजायचं काम माझं, ट्रे सोडून मी धावले, चूक माझी, असं सांगून तिने स्वतःच वही उघडली आणि लिहायला बसली. कंपाउंडरने दारातून आत डोकावून बघितलं आणि मावशीला वाटलं, झालं, आता गावभर. डॉक्टरसाहेबांनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, लिहिताय तर पूर्ण लिहा. टाके मी घालत होतो. सुई माझ्या हातात होती, ती जाळीच्या कापडावर मी ठेवली आणि मी उठलो. माझं नाव आधी घाला. आणि फाटका मोजा चार वर्षं चालू दिला, हेही घाला, तेही माझ्याच खात्यात. कंपाउंडर काही वेळाने पुढे आला आणि म्हणाला, पिवळ्या पिशवीपाशी चिमटा ठेवायचं काम माझं आहे, तो महिनाभर सापडत नाहीये. मावशी बघतच राहिली. दोन दिवस ती जे एकटीने पोटात घेऊन फिरत होती ते इतकं वाटून घेण्यासारखं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग डॉक्टरसाहेब म्हणाले की ज्याच्या जखमेतून सुई आली त्या माणसाला विचारलं पाहिजे, तो हो म्हणाला तर त्याचं रक्त तपासता येईल. मुलाला फोन गेला. तासाभरात तो हसऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. डॉक्टरसाहेबांनी मुलाला आणि कंपाउंडरला बाहेर थांबवलं, मावशीला आणि सिस्टरला आत घेतलं आणि दार लावलं.

हसऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदा कुठेतरी गेलं. तो पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिला.

"तपासायला नको, साहेब," तो म्हणाला. "मला आहे. एचआयव्ही. सहा वर्षं झाली. शनिवारीच सांगायला हवं होतं मी. पण एका ठिकाणी सांगितलं होतं, तर त्यांनी जखम उघडी ठेवून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं मला. तिथे टाके पडेपर्यंत हात सडायला आला होता. म्हणून गप्प बसलो."

त्याने मावशीकडे बघितलं, मग नजर खाली घातली. "मावशी, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली होती, खोटं कशाला बोला. पण शिवी काही तिच्या तोंडात येईना. समोर बसलेला माणूस भीतीपोटी गप्प बसला होता, आणि तीही दोन दिवस तेच करून आली होती. कुठल्या तोंडाने शिवी द्यायची? तिने विचारलं, "गोळ्या घेतोस का रे?"

"रोज. सहा वर्षांत एक चुकवलेली नाही. मळणी असो नाहीतर ताप असो." त्याने खिशातून एक छोटी डबी काढून दाखवली. "शेवटच्या तपासणीत म्हणाले, रक्तात सापडतच नाहीत जंतू, इतके कमी झालेत."

डॉक्टरसाहेब पुढे वाकले. ही फार चांगली बातमी आहे, ते म्हणाले. गोळ्या नियमित घेणाऱ्याच्या रक्तातून धोका खूपच कमी. एरवीसुद्धा अशा सुईने टोचलेल्या तीनशे जणांत एखाद्यालाच लागण होते.

"तो एखादा कोण, ते सुईला कसं कळतं?" मावशीने विचारलं.

"नाही कळत. म्हणूनच तुम्ही गोळ्या घ्यायच्या. अठ्ठावीस दिवस."

हसऱ्या उठला, दारापाशी थांबला. "मावशी, पहिले आठ दिवस मळमळेल. पोटभर जेवून घ्या गोळी. आणि चुकवू नका." मग त्याच्या तोंडावर ते नेहमीचं हसू थोडंसं परत आलं. "मी बघा, पेंढ्या टाकतो दिवसाला दोनशे."

बाहेर मुलाने विचारलं, काय म्हणाला? मावशी म्हणाली, तुला काय करायचंय, गाडी काढ. हसऱ्याची गोष्ट तिने तिथेच पोटात पुरली. काही झाकायचं असतं आणि काही उघडं करायचं असतं, हे तिला त्या दोन दिवसांत चांगलंच कळलं होतं.

तालुक्याच्या मोठ्या इस्पितळात रक्त घेतलं, कागद भरले, आणि साडेबारा वाजता मावशीने पहिली गोळी घेतली. कावीळ न होण्याची लसही टोचली. ती तीन वेळा घ्यायची असते, आणि मावशीने एकोणीस वर्षांपूर्वी एकदाच घेऊन हात सुजला म्हणून पुढच्या दोन चुकवल्या होत्या. हे कळलं तेव्हा सुनेने तिच्याकडे असं बघितलं की तिथल्या सिस्टरलाही हसू आलं.

हसऱ्या म्हणाला तसंच झालं. पहिले आठ दिवस मावशीला पाण्याचाही वास यायचा. अंगातून जीव गेल्यासारखी ती हापशाच्या कट्ट्यावर बसायची, मग उठून फरशी पुसायची. गोळीची वेळ रात्रीच्या जेवणानंतर लावून घेतली होती. नात गोळी आणून द्यायची आणि तोंड उघडून दाखव म्हणायची.

तरी ताट वेगळंच. पेला चुलीमागेच. सुनेने दोनदा समजावलं की पेल्याने, ताटाने, मांडीवर घेण्याने काहीही होत नाही. मावशी मान हलवायची आणि पुन्हा पेला मागे ठेवायची. तिसऱ्यांदा सून काही बोललीच नाही. ती चुलीमागे गेली, मावशीचा उष्टा पेला घेतला, त्यात उरलेलं पाणी घटाघट प्याली आणि पेला सगळ्या भांड्यांमध्ये पालथा घातला. मग पोरीला उचललं आणि मावशीच्या मांडीवर बसवलं. पोर इतके दिवस अडवलेली, ती गळ्यात हात टाकून अशी बिलगली की सुटेना. मावशीने तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच बसली.

त्या आठवड्यातच पेटी उघडली गेली. सुनेने काही म्हणायच्या आधी मावशीनेच एक पिशवी दातांनी फाडली. नवं रबर, आत पांढरी पावडर. दवाखान्यात कोपरापर्यंत निळे हात घेऊन ती फिरायला लागली तेव्हा कंपाउंडर म्हणाला, आज कुणाचं लग्न आहे, मावशी?

"माझंच," ती म्हणाली. "तू चिमटा आण आहेरात."

चिमटा आला. तो पिवळ्या पिशवीच्या दांड्याला दोरीने बांधला गेला. पेटीतले तीन जोड मावशीने कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला दिले, तो आजवर उघड्या हातांनीच पिशव्या उचलायचा. दहाव्या दिवशी हसऱ्या टाके काढायला आला. या वेळी त्याने हात आपणहून पुढे केला आणि डॉक्टरसाहेबांनी मान डोलावून मोजे चढवले, जसे ते सगळ्यांसाठीच चढवायचे. जाताना मावशीने विचारलं, जेवलास का? सुनेच्या डब्यातला अर्धा घास त्याच्या वाट्याला गेला.

आणि एक नवीन रीत पडली. टाके घालायच्या दिवशी संध्याकाळी सिस्टर पाकिटं मोजायची आणि मावशी डब्यावर वाकून बघायची. "चार फोडली," सिस्टर म्हणायची. "चार डब्यात," मावशी म्हणायची. आकडा जुळल्याशिवाय दाराला कुलूप लागत नसे. वहीतली नोंद वर गेली, वरून खुलासा मागणारं पत्र आलं, त्याला चौघांच्या सह्यांचं उत्तर गेलं. सिस्टरचा कागद महिनाअखेरीला आला नाही. पंधरा दिवस उशिरा आला, पण आला. खाली एक ओळ जास्त होती, की घटना दडवली नाही याची नोंद घेतली आहे. मावशीने ती ओळ तीनदा वाचून घेतली. दडवली कुणी होती हे तिलाच माहीत होतं आणि ती मनातल्या मनात शरमली.

दीड महिन्याची तपासणी चांगली आली. सगळे हसले, मावशी हसली नाही. तीन महिन्यांचीही करायची होती आणि तोवर खरं काही नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ती जेवायची, भांडायची, फरशी पुसायची, पण मधेच हात थांबायचा आणि ती निळ्या रबराच्या आतल्या अंगठ्याकडे बघायची.

शेतं मोकळी झाली, नांगरट झाली, पुन्हा हिरवी झाली. हातांचा हंगाम सरला होता आणि खोकल्याचा सुरू झाला होता. त्या दिवशी व्हरांड्यात एका मुलाने ओकून ठेवलं होतं आणि मावशी गुडघे टेकून ते निपटत होती, मोजे कोपरापर्यंत घाणीने भरलेले. सिस्टर सकाळीच इस्पितळात अहवाल आणायला गेली होती. बसच्या आवाजानंतर मावशीने वर बघितलं नाही. फाटक वाजलं तरी नाही. पुढे येणारी पावलं धावत होती की चालत होती एवढंच ती ऐकत राहिली.

पावलं धावत होती.

"आई," सून म्हणाली. व्हरांड्यात, बाकावरच्या वीस माणसांसमोर, फाटकाच्या चांगलंच आत. "काही नाही, आई. काहीही नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

मावशी गुडघ्यांवरच मागे बसली. तीन महिने आवरून धरलेलं एकदम डोळ्यांतून वाहायला लागलं, गालांवरून हनुवटीपर्यंत. पुसायला तिने हात वर नेला आणि अर्ध्यावर थांबवला. हात घाणीचे होते. पूर्वीची मावशी असती तर मनगटाने पुसून मोकळी झाली असती. ती दोन्ही निळे हात हवेत धरून तशीच रडत राहिली.

सून खाली वाकली आणि स्वतःच्या बाहीने तिचे डोळे पुसायला लागली.

"फाटकाच्या आत मावशी म्हणायचं ठरलंय," मावशी हुंदक्यातून म्हणाली.

"बरं, मावशी," सून म्हणाली आणि पुसत राहिली.